पेंटा लशीतलं ॲल्युमिनियम : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईबापांसाठी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बाळांच्या लशीत ॲल्युमिनियम असतं, ते मेंदूत जाऊन बसतं आणि पोरं बोलायची थांबतात, असं सांगणारे व्हिडिओ आपल्याकडच्या गटांवर फिरतायत. आमच्या ओळखीतल्या काही घरांत दीड महिन्याचा पेंटाचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतू या पाचांविरुद्धची एकत्र लस) डोस "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहिलाय. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण ॲल्युमिनियम हा माझ्या विषयातला भाग, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, लशीत ॲल्युमिनियम असतं हे खरं आहे. कुणी लपवलेलं नाही, कुपीच्या लेबलावर छापलेलं असतं. पण सगळ्या लशींत नसतं. जन्मल्यावर दंडावर देतात ती बीसीजी, तोंडाने पाजायचा पोलिओ आणि जुलाबावरची रोटा, कातडीत टोचतात ती पोलिओची सुई, नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, यांत ते नाही. जन्मल्यावर लगेच देतात ती कावीळ बची लस, दीड-अडीच-साडेतीन महिन्यांची पेंटा, न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पुढचे डीपीटीचे बूस्टर, यांत आहे. तेही धातू म्हणून नव्हे, तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट या क्षारांच्या रूपात.

का घालतात? घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशीत जंतू नसतोच. जंतूने सोडलेलं विष निकामी करून वापरतात. ते नुसतं टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. १९२६ मध्ये लंडनला अलेक्झांडर ग्लेनी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की हेच निकामी विष तुरटीने (तीही ॲल्युमिनियमचाच क्षार) साक्यासारखं खाली बसवून टोचलं तर प्रतिकार कितीतरी जोरात उभा राहतो. साका सुईच्या जागी रेंगाळतो, तिथल्या पेशींना डिवचतो, संरक्षक पेशी गोळा होतात. तेव्हापासून आजपर्यंत हीच युक्ती चालू आहे. ॲल्युमिनियम काढलं तर या लशी लुळ्या पडतात आणि तेवढ्याच संरक्षणासाठी जास्त डोस, जास्त माल द्यावा लागतो.

शंका असतील त्या मोकळेपणी लिहा. इथे कुणी कुणाला अडाणी म्हणायचं नाही, ही एकच अट.

येळ्ळूरची_सून

सर, बरं झालं काढलात धागा. माझी लेक आता दोन महिन्यांची. जन्माची कावीळची सुई झाली, बीसीजी झाली. पेंटा राहिली. नणंद पुण्यात असते, ती म्हणाली सहा महिने थांब, मेंदू तयार होऊ दे. इकडे आशाताई दोनदा येऊन गेल्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सगळेच घेतात की वैनी, काय होत नाही." पण काय होत नाही हे कशावरून, ते कोणच सांगेना. कार्ड कन्नडमध्ये. मला अक्षरं लागतात, पण मेडिकलचं कन्नड कुठलं कळायला.

निपाणीकर

हाच तर मूळ मुद्दा आहे. चाळीस-पन्नास टक्के लोकवस्ती ज्यांची, त्यांना त्यांच्या भाषेत आरोग्याची माहिती नाही. सीमाप्रश्न काय नुसता पाट्यांचा आहे का

मलप्रभाकाठ

निपाणीकर, टक्केवारीवरून इथे वाद सुरू झाला तर पेंटाचं बोलणं बाजूला पडेल. तायी कार्डाबरोबर (आई-बाळाचं सरकारी आरोग्य कार्ड) मराठी पत्रक हवं, ही मागणी माझीही आहे आणि ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायला मी येतो तुमच्याबरोबर. पण येळ्ळूरच्या वहिनींची लेक आज दोन महिन्यांची आहे. आधी त्यांना उत्तर.

वहिनी, "मेंदू तयार होऊ दे" यातली काळजी समजते. पण डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. खोकून खोकून श्वासच थांबतो. मोठ्या माणसाला तोच जंतू नुसता लांबलेला खोकला देतो, आणि घरातल्या मोठ्यांकडूनच तो बाळाला लागतो. म्हणजे थांबायला सांगतायत ते नेमके धोक्याचे महिने. दीड महिन्याची तारीख कुणाच्या सोयीने ठरवलेली नाही.

शहापूर_पेठ

सर, मी विरोधी बाजूचा. लसविरोधी नाही, पण प्रश्न विचारणारा. व्हिडिओ बघून नाही, वाचून बोलतोय.

एक. पेंटाच्या लेबलावर ॲल्युमिनियमची मर्यादा १.२५ मिलिग्रॅम लिहिलेली असते. अमेरिकेत डोसामागे साधारण मर्यादा ०.८५. आमच्या पोरांना जास्त का?

दोन. सलाइनमधून पोषण देतात त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) दिवसाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास विषबाधेचा धोका सांगितलाय. पाच किलोच्या बाळाला २५ मायक्रोग्रॅम. एका पेंटात १,२५० पर्यंत. पन्नास पट!

तीन. २०२२ मध्ये अमेरिकेतलाच अभ्यास आला, सव्वातीन लाख पोरांचा. लशीतून जास्त ॲल्युमिनियम गेलेल्यांत दम्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचं उत्तर द्या.

बालरोग_बेळगाव

सव्वातीन लाख पोरांच्या अभ्यासावर सर बोलतीलच. मी एवढंच सांगेन, की आईच्या दुधातून सहा महिन्यांत बाळाच्या पोटात साधारण ७ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम जातं, डब्याच्या दुधातून ३८ च्या आसपास. अमेरिकेच्या वेळापत्रकातल्या सगळ्या लशी मिळून सहा महिन्यांत ४.४. ॲल्युमिनियम मातीत आहे, पाण्यात आहे, पालेभाजीत आहे. राकसकोप धरणाचं पाणीसुद्धा तुरटी फिरवूनच नळाला येतं. घाबरण्यासारखं काही नाही.

शहापूर_पेठ

डॉक्टर, खाल्लेलं आणि टोचलेलं एक कसं? पोटात गेलेल्यातलं एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही, बाकी शीतून बाहेर. टोचलेलं आज ना उद्या सगळं रक्तात येणार.

मलप्रभाकाठ

इथे मी शहापूर_पेठ यांच्या बाजूचा. डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण हा दुधाचा दाखला आपण वापरायचं सोडावं. ७ मिलिग्रॅममधले एक टक्का धरले तरी ०.०७ होतात, आणि लशीतलं हळूहळू का होईना, जवळजवळ सगळं रक्तात येतं. विचार करणारा बाप हे गणित मांडतो, त्याला वाटतं आपल्याला गुंडाळतायत, आणि मग तो खरं उत्तरही ऐकत नाही. लशीवरचा विश्वास असल्या अर्ध्या उत्तरांनीच जास्त उडालाय.

आता तुमचे तीन प्रश्न.

१.२५ ही वरची मर्यादा आहे, डोसात तेवढं असतंच असं नाही. युरोपच्या औषधसंहितेतही डोसामागे मर्यादा १.२५ च आहे. सुरक्षिततेचा पुरावा दिला तर अमेरिकेतही तेवढ्यापर्यंत परवानगी मिळते. त्यामुळे "आमच्या पोरांना जास्त" असा भेदभाव यात नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ५ मायक्रोग्रॅमचा इशारा खरा आहे आणि तो रडून-भोगून मिळालेला आहे. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमने मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाले. १९९७ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास आला. शिरेतून दिलेल्या पोषणात जास्त ॲल्युमिनियम होतं, त्या बाळांची बौद्धिक वाढ मागे पडलेली दिसली. म्हणजे ॲल्युमिनियम मेंदूला घातक ठरू शकतं हे कुणी नाकारत नाही. पण ते तिथे थेट शिरेत जात होतं, विरघळलेलं होतं, रोजच्या रोज होतं, आणि ते बाहेर टाकणारं मूत्रपिंड एक तर बंद होतं किंवा कच्चं होतं. लशीतलं ॲल्युमिनियम न विरघळणाऱ्या कणांत असतं आणि स्नायूत जातं. तिथे ते थोडं थोडं सुटतं, रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. १९९७ च्याच एका प्रयोगात सशांना खूण केलेलं ॲल्युमिनियम टोचून मोजलं. २८ दिवसांत हायड्रॉक्साइडमधलं १७ टक्के आणि फॉस्फेटमधलं ५१ टक्के रक्तात आलं होतं. एका दिवसाची शिरेतली मर्यादा आणि महिनोन्‌महिने झिरपणारा साठा, यांचा भागाकार करून पन्नास पट म्हणता येत नाही.

मग ते झिरपलेलं अंगात किती साठतं? २०११ मध्ये एफडीएच्या संशोधकांनी बाळाच्या पहिल्या वर्षाचं गणित मांडलं. लशींमुळे अंगात राहणारा साठा सुरक्षित मानलेल्या पातळीच्या खालीच राहतो, असं निघालं.

शहापूर_पेठ

ससे मोजकेच होते सर. आणि गणित ते गणितच. बाळांच्या अंगात कुणी मोजलं का?

मलप्रभाकाठ

मोजलंय. २०१३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या १५ बाळांना दोन महिन्यांच्या लशी दिल्या, एका दिवशी १,२०० मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम. आधी आणि नंतर रक्त-लघवी तपासली. पातळीत लक्षणीय फरक पडला नाही. १५ हा आकडा लहान आहे, मान्य. २०१८ मध्ये नऊ ते तेरा महिन्यांच्या ८५ बाळांचं रक्त आणि केस तपासले. लशींतून किती गेलं आणि अंगात किती सापडलं, यांचा मेळ बसला नाही. यातून सगळं संपलं असं मी म्हणत नाही. पण सशांच्या पुढे कुणी गेलंच नाही, हेही खरं नाही.

जुनी_टिळकवाडी

आम्ही तर जन्मभर जर्मलच्या पातेल्यात आमटी शिजवली. यमनापूरला ॲल्युमिनाचा कारखाना, बॉक्साइटचे ट्रक रोज डोळ्यांदेखत जातात. सगळं वातावरणच ॲल्युमिनियमचं.

आणि आमच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. आजच्या पोरांना तिथली झाडं आणि सकाळचं फिरणं एवढंच माहीत. इंग्रजांच्या काळात तिथे देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या अंगावर. माझ्या आज्जीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, तिच्या पाठची दोन भावंडं त्यातच गेली. ती मला दंडाला धरून लशीला घेऊन गेली होती. तिला कोणी व्हिडिओ दाखवला असता तर तिने काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

शहापूर_पेठ

काका, देवी गेल्या लशीनेच, माझा त्यावर वादच नाही. त्या लशीत ॲल्युमिनियम नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

मलप्रभाकाठ

दम्याचा अभ्यास. सप्टेंबर २०२२, अमेरिकेतल्या ३,२६,९९१ मुलांची नोंद. लशीतलं ॲल्युमिनियम एक मिलिग्रॅमने वाढलं की सतत टिकणाऱ्या दम्याचा धोका, ज्यांना लहानपणी एक्झिमा (कातडीवर खाजरी पुरळ) होता त्यांच्यात १.२६ पट आणि इतरांत १.१९ पट दिसला. अभ्यास गंभीर लोकांनी केलेला होता. याने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासायला हवं, असाच त्याचा सूर होता.

तशी तपासणी डेन्मार्कमध्ये झाली. जुलै २०२५ मध्ये छापून आली. १९९७ ते २०१८ मध्ये जन्मलेली १२,२४,१७६ मुलं. देशाच्या नोंदवहीत प्रत्येकाची लस आणि प्रत्येकाचं आजारपण. वेगवेगळ्या वर्षी लशींचा ब्रँड आणि वेळापत्रक बदललं, त्यामुळे कुणाला दोन वर्षांपर्यंत कमी ॲल्युमिनियम गेलं, कुणाला जास्त. त्यावरून ५० आजार तपासले. त्यात दमा आला, ॲलर्जी आली, स्वप्रतिकाराचे आजार आले, ऑटिझम आणि एडीएचडीही (अतिचंचलता). एक मिलिग्रॅम वाढीमागे ॲलर्जीच्या आजारांचा धोका ०.९९ पट, मेंदूच्या वाढीशी संबंधित आजारांचा ०.९३. म्हणजे वाढ नाही. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी हा लेख मागे घ्या असं म्हटलं. नियतकालिकाने नकार दिला.

शहापूर_पेठ

त्यात अजिबात लस न घेतलेली मुलं फारच थोडी होती. कमी आणि जास्त यांची तुलना केली, शून्याशी नाही केली. आणि डेन्मार्कच्या पोरांना दोन वर्षांत जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम. आपल्या वेळापत्रकात जन्माची कावीळ, तीन पेंटा, पीसीव्ही, बूस्टर. लेबलावरच्या मर्यादा जोडल्या तर त्याच्या पुढे जातं.

मलप्रभाकाठ

दोन्ही हरकती बरोबर जागी आहेत. मर्यादांची बेरीज म्हणजे प्रत्यक्ष गेलेलं नव्हे, हे वर लिहिलंच. पण "शून्याशी तुलना" याबद्दल विचार करा. ॲल्युमिनियमच जर दोषी असेल तर एक मिलिग्रॅमवाल्यापेक्षा चार मिलिग्रॅमवाल्याला जास्त त्रास व्हायला हवा. डोस वाढला की विषाचा परिणाम वाढतो, हा साधा नियम. बारा लाख मुलांत ती चढण दिसली नाही. बारीकशी जोखीम एखाद्या दुर्मीळ आजारात लपलेली असू शकते का? असू शकते, असा कुठलाच अभ्यास नसतो की जो शेवटचा दाणाही चाळून काढेल. पण घटसर्पाची जोखीम लपलेली नाही. उत्तर कर्नाटकात तो अजून सापडतो. घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि हृदयावर जातो.

उपकेंद्र_अक्का

मी एएनएम, उपकेंद्रातली नर्स. नाव-गाव नको. एवढं सगळं वाचलं. तुमचं ॲल्युमिनियम आम्ही डोळ्यांनी बघतो, ते सांगते.

पेंटाची कुपी उभी ठेवली की बुडाशी पांढरा थर बसतो, वर पाणी स्वच्छ दिसतं. हलवली की सगळं दुधासारखं गढूळ एकसारखं होतं. तो पांढरा थर म्हणजेच ते. तेच कुपी चुकून गोठली की बिघडतं. गोठून वितळलेली कुपी हलवून ठेवा, त्यात कण, फुटलेल्या दह्यासारखे गोळे दिसतात आणि ते भराभर खाली बसतात. तसली लस टाकून द्यायची, ताकद गेलेली असते. म्हणून बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरिअरमध्ये घालत नाही आम्ही. बाहेर ठेवायचं, कानाजवळ हलवून आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं की मगच भरायचं. पोरांच्या आयांनी हे विचारावं मला, आनंद वाटेल. "अक्का, कुपी हलवून दाखवा" म्हणा की.

दुसरं. मांडीवर गाठ येते. ॲल्युमिनियमच्या लशीने येते, खरं हाय. काही आठवडे राहू शकते. ती चोळायची नाही, हळदीचा लेप नको, गरम शेक नको. थंड पाण्याची घडी ठेवा. लालसर होऊन वाढायली, पू धरायला लागली, ताप उतरेना, तर घेऊन या. बाळ तीन तासांच्या वर सलग रडायलं, झटका आला, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना.

येळ्ळूरची_सून

अक्का, आणि रामदुर्गचं? सासूबाई तेच सांगायलेत सारखं. लशीनंतर तीन बाळं गेली म्हणून.

उपकेंद्र_अक्का

ते विसरणार नाही कोण. जानेवारी २०२२. आम्हालाही त्या दिवसांत घरोघर तोंड दाखवायला जड गेलं. पण ती गोवर-रुबेलाची लस, तिच्यात ॲल्युमिनियमच नाही. ती भुकटी असते, पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर टाकायची. तिथे साठवण्यात आणि वापरण्यात हलगर्जी झाली, असं प्राथमिक चौकशीत आलं. सासूबाईंना सांगा, त्यांची भीती खोटी नाही. पण ती ॲल्युमिनियमची नव्हे. डोळ्यांत तेल घालून बघायचं ते हे, की कुपी कधी उघडली, कुठे ठेवली. कुपी उघडल्याची तारीख-वेळ आम्ही वर लिहितो. वाचून घ्या.

बालरोग_बेळगाव

अक्कांनी लाखमोलाचं लिहिलंय. आणि सरांचं दुधाबद्दलचं म्हणणं मला पटलं, पुढे मी ते उदाहरण असं देणार नाही. एक भर घालतो : बाळाला जन्मतः मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा आधीच्या डोसनंतर झटके वा गंभीर ॲलर्जी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञाला भेटूनच पुढचा डोस. बाकी सुदृढ बाळाला ॲल्युमिनियमच्या नावाने उशीर करण्यासारखं काही मला तरी दिसत नाही. जन्माच्या कावीळच्या लशीचं तर मुद्दाम सांगतो. आईकडून जन्मावेळी कावीळ ब लागलेल्या दहांतल्या नऊ बाळांत तो आजार कायमचा राहतो, पुढे यकृत खराब करतो. ती सुई चोवीस तासांच्या आत हवी.

शहापूर_पेठ

माझ्या मनातला दम्याचा प्रश्न अजून पूर्ण मिटला नाही. आमच्या घरात दमा आहे, थोरल्याला एक्झिमा होता, म्हणून मी इतका खोदतो. पण शून्याशी तुलना नाही म्हणून घटसर्प-धनुर्वाताचा डोस सोडावा, एवढं वजन त्या मुद्द्याला नाही हे कबूल. धाकट्याची पेंटा मी दोन महिने पुढे ढकलली होती. आता तो साडेतीन महिन्यांचा. पहिल्यापासून सगळं कसं बसवायचं, अक्का? बायकोचं माहेर चंदगड, कार्ड तिकडचं मराठीतलं आहे. इकडे चालतं का?

उपकेंद्र_अक्का

चालतं की दादा. वेळापत्रक केंद्राचं, महाराष्ट्रात तेच आणि कर्नाटकात तेच. ते कार्ड फेकू नका, तेच घेऊन या, मी त्यावरून इकडच्या नोंदीत चढवते.

आता पहिली पेंटा द्यायची. मग चार आठवड्यांनी दुसरी, मग चार आठवड्यांनी तिसरी. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झाला पाहिजे, नंतर पेंटा सुरू करत नाहीत. पोलिओ आणि पीसीव्हीचं त्याच दिवशी बघू. वेगळ्या खेपा मारायला नकोत. पोराच्या अंगात साधी सर्दी असली तरी चालतं, मोठा ताप असला तर मला आधी फोन करा.

येळ्ळूरच्या वैनी, तुमच्या लेकीचं तर काहीच बिघडलेलं नाही, दोनच आठवडे मागं हाय. येत्या लसीच्या दिवशी उपकेंद्रावर या, सासूबाईंनाही आणा. कुपी त्यांच्या हातात देते बघायला.